गाडी थांबायची तेव्हा

गावाकडचा एक माणूस इथं सुरतेला गिरणीत कामाला आला, त्याच्याकडून कळलं… यमुआक्का गेली. त्याला काही आठवडे झाले. मी चौथीतून शाळा सोडलेली, मला असलं काही लिहायची सवय नाही. पण तिचं आमच्यावर जे ऋण आहे ते कुठंतरी सांगावं वाटलं.

काष्टीच्या पुढं आमचं लहानसं स्टेशन होतं. आक्काचा नवरा तिथं पोर्टर. गाडी थांबली की गुळाच्या ढेपा चढायच्या, आक्काची लेक शेवंता खिडक्या-खिडक्यांतून भाजलेल्या शेंगा विकायची. मग गावात एस.टी. आली, तिकिटं खपेनात, स्टेशन बंद झालं. रूळ राहिले, गाडीही राहिली, फक्त थांबेनाशी झाली. एकदा शेवंता सवयीनं टोपली घेऊन रूळ ओलांडून पलीकडच्या खिडक्यांकडं निघाली… गाडी आता हळू होईल या भरवशावर. गाडी हळू झालीच नाही, पोर गाडीखाली गेली. आक्काचा नवराही त्या दुःखानं लवकर गेला. आक्का तिथल्याच खोलीत राहिली, तिला कुणी उठवलं नाही.

दुष्काळात आम्ही बाया स्टेशनाजवळ खडी फोडायला जायचो. माझी मंदा तेव्हा नुकती चालायला लागलेली. सावली काय ती स्टेशनात. आक्कानं आपणहून सगळ्यांची पोरं सांभाळायला घेतली. पहिल्याच दुपारी जाऊन बघतो तर प्रत्येकाच्या पायाला जुन्या लुगड्याचा काठ, दुसरं टोक बाकाला! सासूबाई कडाडल्या, "शेरडं हायत का गं ही, यमे?"

"शेरडं शानी असत्यात, आत्या. गाडी बघून मागं सरत्यात. पोरगं पुढं पळतंय."

तेवढ्यात गाडी धडधडत आली. मंदा खरंच पळाली… उंबऱ्याशी काठ ताणला, ती मटकन बसली. आक्कानं डोळे गच्च मिटले होते. गाडी लांब गेल्यावरच उघडले. सासूबाईंनी वाकून मंदाची गाठ आणखी आवळली.

इकडं यायला निघाले तेव्हा तिनं मंदाचा काठ घडी करून माझ्या हातात दिला. "नवी जागा हाय, बांधत जा. कुनी हसलं तर हसू दे."

आमच्या खोलीमागून रूळ जातात. चाळीतल्या बाया हसतात, मी बांधते. मंदाला आता गाठ सोडता येते. बातमी आली त्या संध्याकाळी मी काठ धुऊन पेटीत ठेवायला काढला होता. गाडीची शिट्टी झाली. मंदानं खेळ टाकला, येऊन पाय पुढं केला.

"आई, बांध की."

मी गाठ मारली, आणि गाडी लांब जाईपर्यंत डोळे उघडले नाहीत.