तिसरी प्लेट

रविवार, दादा गेल्यानंतरचा पाचवा. सुकापूरच्या घरातल्या मागच्या खोलीत हजर: वहिनी, सलीमभाई आणि मी. काम एकच, छापयंत्रात अडकून राहिलेलं दादाचं शेवटचं चित्र पुरं करायचं. अर्ध्या तासात उरकेल, असं मी धरून चालले होते.

माझा थोरला भाऊ जस्ताच्या पत्र्यांवर आम्लाने चित्रं कोरायचा. एका चित्राला तीन प्लेटा: पिवळी, लाल, निळी. तिन्ही एकाच ओल्या कागदावर एकामागून एक दाबायच्या. रंग जागचे हलू नयेत म्हणून कागदाची एक कड तो यंत्राच्या रुळाखालून सुटू द्यायचा नाही. कागद वर उचलायचा आणि खालची प्लेट बदलायचा. तो रूळ त्याच्या मित्राने, सलीमभाईंनी, कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणून बसवून दिलेला. त्या दिवशी पिवळी झाली, लाल झाली. "जेवून येतो, मग निळी," असं वहिनींना म्हणाला, हात धुतले... आणि ताटावर बसायच्या आधीच गेला.

फळीवर तिसऱ्या प्लेटा दोन निघाल्या. अजून शाई न लागलेल्या, मापाने सारख्या. एकीवर कर्नाळ्याचा सुळका, दुसरीवर मिठागरं. कागदावर नुसते नारिंगी पट्टे. सुळक्यावरचं ऊन म्हणा, नाहीतर मिठागरातलं पाणी.

"भाभी, मिठागरच. मला बोलला होता तो," सलीमभाई म्हणाले.

"तुम्हाला सगळंच सांगायचे. मी विचारलं की म्हणायचे, थांब, झालं की बघ," वहिनी म्हणाल्या.

 मग सलीमभाईच म्हणाले की सुळक्याचंही बोलला होता, कधी ते आठवत नाही. मी दोन्ही प्लेटा कागदाखाली धरून पाहिल्या. छापताना चित्र उलटं पडतं, त्यामुळे डोकं आणखीच फिरलं. घरातली लग्नं, आईचं आजारपण, सगळं मी मार्गी लावलं. इथे काही सुचेना. कदाचित दोन्ही एकाच चित्राच्या असतील... कदाचित एकही नसेल. कागद मात्र एकच. वहिनींना ते चित्र बघायचं आहे, आणि भलतंच बघायचं नाही.

वाळला की कागद आकसतो, मग प्लेट जुळत नाही, हे त्यांनी दादाकडूनच ऐकलेलं. म्हणून रोज सकाळी दूध तापवून झालं की त्या मागे जातात, कागदावर पाणी शिंपडतात, वर प्लास्टिक ओढतात. बुरशी धरेल, असं मी सांगून पाहिलं.

"मग ठरवा कोणती ते," त्या म्हणाल्या.

काल फोन केला तेव्हा पाणी शिंपडूनच आल्या होत्या. निळी छापायची राहिली आहे.