दूध घालायच्या वेळेला तापणारी खोली

आधीच सांगून ठेवतो, मी भूतखेत मानत नाही. या ग्रुपवर लोक लिहितात ते रोज वाचतो, करमणूक म्हणून. पांढरी साडी, पिंपळ, मागून आलेली हाक... आमची विहीर स्मशानाला लागून आहे. अमावस्या असो नाहीतर आणखी काही, मोटार चालू करायला मी एकटा जात आलो. आजवर कुणी साधं विचारलं नाही की आबा, कुठं निघालात. तेव्हा खालचं वाचून मला नारळ फोडायचा सल्ला देऊ नये. तो देणारे गावात भरपूर आहेत.

शिक्षण माझं चौथी. पण गावची दूध संस्था मी उभी केली आणि चेअरमन अजून मीच आहे. नगर-मनमाड रोडला कोल्हार सोडलं की प्रवरेच्या कडेनं एक रस्ता आत वळतो, त्यावर आमचं गाव. नाव देत नाही. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, माझ्या तोंडात अजून नगरच येतं.

संस्थेच्या ऑफिसात एक बारकी खोली आहे. आसपासच्या सगळ्या सेंटरचं दूध आणि फॅट आता कॉम्प्युटरवर जातं, त्याचा सर्व्हर तिथं ठेवायचा ठरला. सर्व्हर म्हणजे कपाटाएवढं मशीन. कायम चालू आणि कायम गरम. खोली गार राहिली नाही तर ते बंद पडतं, आणि मग सगळ्या सेंटरवर लोक किटल्या घेऊन खोळंबतात.

गार ठेवायचं काम मिळालं माझ्या नातीला, प्रांजलला. डिप्लोमा करून तिनं संगमनेरला एसीचं स्वतःचं दुकान टाकलंय. पोरगी शिडीवर चढून एसी बसवती म्हणून लोक आधी हसले होते. हे तिचं पहिलं मोठं काम. ते बिघडलं असतं तर तालुक्यात दुसरं कुणी दिलं नसतं — हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

तिनं आल्या आल्या एसी आणून टाकला नाही. आधी हिशोब मांडला, मी शेजारी बसून बघत होतो. कुठलं मशीन किती वीज खातं ते लिहिलं. ती सगळी वीज शेवटी उष्णताच होते म्हणाली. मग यूपीएस, दिवा, पश्चिमेची भिंत, वरचा स्लॅब. खिडकी विटांनी बुजवून घेतली, दाराला रबराची पट्टी लावली. शेवटी विचारलं, "आबा, आत माणसं किती बसणार?"

"कुनीच न्हाई. कुलूप असतंय तिथं."

तिनं माणसांच्या जागी शून्य टाकलं. माणूससुद्धा मोजावा लागतो, नुसता बसला तरी जुन्या पिवळ्या बल्बाएवढा तापतो, हे मला तेव्हा कळलं. एवढं सगळं धरून, वर थोडी सूट ठेवून, दीड टनाचा एसी बसला.

दुपारी उन्हाचा रट्टा असताना खोली गारेगार. पण सकाळी दूध यायला लागलं की आतल्या तापमानाचा आकडा चढायला लागायचा. दूध संपलं की आपोआप खाली. संध्याकाळी दुधाच्या वेळेला पुन्हा तेच. दोनदा सर्व्हर बंद पडला.

सेक्रेटरी भाऊसाहेबांनी शहरातला एक एसीवाला आणला. त्यानं दारातूनच बघितलं आणि पोरीनं टन कमी धरलं म्हणून मोकळा झाला. झालं, पारावर तेच सुरू. चेअरमनची नात म्हणून काम दिलं, आता भोगा...

मी चिडलो. प्रांजल चिडली नाही. ती दोन्ही वेळेला मीटर घेऊन खोलीत उभी राहायला लागली.

तुम्ही आता जे म्हणाल ते आम्ही आधीच म्हणून बघितलंय. दुधाच्या वेळेला सर्व्हरला काम जास्त पडत असेल? वायरीला मीटर लावला, वीज तेवढीच. दूध गार करायच्या बल्क कूलरची गरम हवा? तो आवाराच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि कूलर बंद पडून दूध तसंच टँकरनं गेलं त्या दिवशीही खोली तापलीच. ऊन म्हणाल तर सकाळी पश्चिमेच्या भिंतीवर कसलं आलंय ऊन.

आणि एसीची पाण्याची नळी. एरवी थेंब-थेंब. दुधाच्या वेळेला धार लागायची. बाहेरची हवा दमट म्हणावी तर दारात धूर धरून बघितला, फटीतून आत कणभर जात नव्हता.

"आबा," ती म्हणाली, "मशीन तापतं. मशीनला घाम येत नाही."

"मंग?"

तिनं हिशोब पुढं घेतला. उष्णता किती जास्त, पाणी किती जास्त, दोन्ही वेगवेगळं मांडलं. मग मान वर न करता म्हणाली, "आठ-दहा माणसं दाटीनं उभी असली की एवढं होतं."

आता मला बोलावं लागलं. पूर्वी ती फॅट काढायची खोली होती. बाकीच्या गावांत टेस्टर आत एकटा बसून फॅट काढायचा आणि लोक बाहेर कुरकुरायचे. माझ्या संस्थेत नियम असा की ज्याचं दूध त्याच्यासमोर फॅट. हातानं फिरवायचं मशीन होतं, आणि आपल्या दुधाची काचेची नळी निघेपर्यंत प्रत्येकजण तिच्यावर नाक टेकवून उभा. आठ-दहा जण दोन्ही वेळेला, एकमेकांच्या घामात. पुढं बाहेरच्या खिडकीवर ऑटोमॅटिक मशीन आलं आणि ती गर्दी संपली.

हे भाऊसाहेबांच्या कानावर गेलं. मीटिंग लागली, आणि त्यांनी हळूच विषय काढला की चेअरमनसाहेब, जुनी माणसं हायेत, एखादी शांत करून घेऊ, पूजेला काय जातंय.

मी म्हणालो, "भाऊसाहेब, त्या गर्दीत सगळ्यात पुढं कोन असायचं?"

मीच बोट दाखवलं. आमचे जुने दूध घालणारे किसननाना समोरच्या खुर्चीत बशीत चहा ओतत होते.

"हे पुढं असायचे. रोज. नाना, तुमी कधी वारला ते आठवतंय का?"

"चेअरमन, घरी इचारून सांगतो," नाना म्हणाले. "पेन्शनचं बघावं लागंल."

कमिटी हसली. पण मी हसण्यावारी नेलं नाही. त्या गर्दीतले निम्मे आज हयात आहेत, दूध घालतात, माझ्याशी भांडतात. जित्या माणसाचं भूत कसलं? आणि पोरीचा हिशोब चुकला म्हणता, तर चला, आत उभे राहून चूक दाखवा. दुधाची वेळ झालीच होती.

कमिटी, भाऊसाहेब, नाना, मी, असे सगळे आत शिरलो. मेलेल्यांच्या जागा कमिटीनं भरल्या म्हणा. खांद्याला खांदा. कुलूप काढलं तेव्हा खोली आधीच तापलेली होती. प्रांजलनं दार लावलं, मीटर सगळ्यांना दिसेल असा धरला आणि म्हणाली की आता तुम्ही एवढे जण आलात, म्हणजे आकडा आणखी तेवढाच चढला पाहिजे. थांबा.

थांबलो. चांगले थांबलो. नानांच्या टोपीखालून घाम निथळत होता, भाऊसाहेबांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

आकडा हलला नाही. नळीची धारही तेवढीच.

नाना मात्र सवयीनं म्हणावं तसे दोन पावलं पुढं सरकले आणि भिंतीशी वाकून उभे राहिले. पूर्वी फॅटचं मशीन होतं, बरोबर तिथं.

प्रांजल मीटरकडं बघत म्हणाली, "तुम्ही सगळे आधीच धरलेले आहात."

बाहेर आल्यावर भाऊसाहेबांनी तिला पाणी आणून दिलं. स्वतः. पूजेचं नाव पुन्हा निघालं नाही, चुकीचंही निघालं नाही. तिनं दुसरा एसी बसवला, दुधाच्या वेळेपुरता तो चालू होतो. खोली आता गार राहते.

काम संपल्यावर तिला संस्थेला रिपोर्ट द्यायचा होता. जादा उष्णता कशामुळे, हे त्यात लिहावं लागतं. मीच म्हणालो, भिंत लिही, स्लॅब लिही, कोन बघतंय. ती म्हणाली, "आबा, भिंत मी मोजलीये. स्लॅब मोजलाय. खोटं कसं लिहू?" आणि तिनं लिहिलं — कारण समजलेलं नाही. खाली स्वतःचं नाव, दुकानाचं नाव, सही.

चेअरमन म्हणून त्यावर माझीही सही आहे. शिकलेली माणसं येऊन बघून गेली, त्यांच्या वह्यांतही बेरीज तिच्याएवढीच आली. कारण त्यांनाही सांगता आलं नाही, मलाही येत नाही.

ज्याला येतं असं वाटतं त्यानं इथंच कळवावं. पत्ता देईन, दुधाच्या वेळेला दार मी स्वतः उघडीन. फक्त येताना पेन आणा आणि आधी तिची बेरीज तपासा. ती चुकलेली दाखवलीत, तर मग तुमच्या भुताचं बोलू.