उघड्या डोळ्यांचा फोटो

"पापनी सांबाळा!" असं ओरडल्याशिवाय फोटोमामांनी कॅमेऱ्याचा खटका दाबलेला मी कधी पाहिला नाही. बोहल्यावर नवरा-नवरी असोत, नाहीतर पेन्शनच्या कागदासाठी मिशीला पीळ देऊन बसलेले सुभेदार असोत, हाक ठरलेली. पुष्कळांच्या पापण्या त्या हाकेनं दचकूनच मिटायच्या. मग मामा शांतपणे म्हणायचे, "झाली मिटून? आता उगडा." तुम्ही त्या वर्षांत साताऱ्यात राहिला असाल, तर तुमच्याही एखाद्या अल्बममध्ये डोळे वटारून बसलेले काका-काकू सापडतील. जरा बघा.

मी तेव्हा साताऱ्यात कॉम्प्युटर क्लास चालवत होतो. नव्वदचं दशक संपायला आलं होतं. क्लास म्हणजे जणू देवघर; चपला बाहेर, धूळ बाहेर, मोठ्यानं बोलणंही बाहेर. एका दुपारी मामा चपला काढून आत आले आणि म्हणाले, "मास्तर, मांडीवरचा कॉम्प्युटर घ्यायचाय. डोंगरात न्यायचाय."

मला हसू आलं. लॅपटॉप मी स्वतःच तोवर दोनदा पाहिला होता, तोही दुसऱ्याच्या मांडीवर. "डोंगरात कशाला, मामा?" मी विचारलं. ते खुर्चीत टेकले आणि मग त्यांनी सगळं सांगितलं.

कोयनानगरच्या वर एका वाडीत एक म्हातारी राहायची. एकुलता एक मुलगा फौजेत. त्याला पाठवायला तिनं मामांकडून फोटो काढून घेतला. रिळात शेवटची एकच फ्रेम उरली होती. मामांनी अंगणात खुर्ची मांडली, तिच्या अंगावर शाल घातली, खटका दाबला. रीळ धुऊन आल्यावर फोटो नीट न बघताच पाकिटात घातला आणि टपालात टाकला. फोटोत म्हातारीचे डोळे मिटलेले होते.

आता आमच्या भागातली रीत तुम्हाला सांगायला हवी. घरातलं वडीलधारं माणूस गेलं, की पुष्कळ ठिकाणी त्याला शाल पांघरून खुर्चीत बसवतात आणि उचलण्याआधी शेवटचा फोटो काढतात. त्या मुलाच्या वडिलांचा तसला फोटो मामांनीच काढला होता, त्याच अंगणात. मुलानं पाकीट उघडलं आणि समजायचं ते समजला. त्यानं डोक्यावरचे केस आणि मिशी उतरवली, रजा काढली आणि रडत रडत घर गाठलं.

म्हातारी उंबऱ्यावर तांदूळ निवडत होती. लेकाचं तुळतुळीत डोकं बघून तिच्या हातातलं सूप पडलं. "कोन गेलं रं?"

"तू!" म्हणत पोरगं तिच्या गळ्यात पडलं.

वाडी चार दिवस हसत होती. म्हातारी काही हसली नाही. आई जिवंत असताना लेकानं डोकं भादरलं, याच्याएवढा अपशकुन दुसरा कुठला? मामा पुढच्या खेपेला गेले तेव्हा तिनं बजावलं, "माजा फोटू काडायचा तर आदी मला दाव. डोळं उगडं हायत का ते मी बगनार, मगच धाड. तवर न्हाई."

"माझा आळस, मास्तर," मामा मला म्हणाले. "तवापास्नं मी ही हाक देतोय. आता त्या पोराचं पत्र आलंय. औंदा रजा न्हाई. म्हनतोय, झोपाय गेलं की त्योच फोटू म्होरं येतोय, आईचा डोळं उगडं असल्याला फोटू धाडा. म्हातारीला मोतीबिंदू हाय, दम लागतोय. किती दिस काढंल?"

डिजिटल कॅमेरा त्यांनी आधीच मिळवला होता, पाचगणीच्या एका शाळेत फोटो काढायला गेले असताना एका परदेशी पालकाकडून, जुना. रिळाऐवजी आत फ्लॉपी जायची. पण त्याच्या पाठीवरची काच काडेपेटीएवढी. तिच्यात म्हातारीला काय दिसणार? मामांनी स्कूटर विकली आणि आम्ही एसटीनं सांगलीला गेलो. तिथं एक जण वापरलेले लॅपटॉप विकायचा.

मी सडपातळ, हलका लॅपटॉप पसंत केला. तरुण होतो, दिसण्यावर भाळायचो. मामांनी तो सरळ उचलून बाहेर उन्हात नेला. मग खिशातून एक जुना चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. त्याच्या काचांना खोबरेल चोळलेलं होतं.

"काका, काच पुसून देऊ का?" दुकानदारानं विचारलं.

"नगं. हे म्हातारीचं डोळं हायत."

हलक्या लॅपटॉपमध्ये त्यांना उन्हात काहीच दिसेना, शिवाय त्याला फ्लॉपीची खाचच नव्हती. शेवटी कोपऱ्यातलं एक पाट्याएवढं जड धूड त्यांनी पत्करलं. तेलकट चष्म्यातूनही त्याच्या पडद्यावरच्या चित्रातलं फूल लाल दिसत होतं.

वाडीला आम्ही आळीपाळीनं ते धूड वाहत चढलो. म्हातारी अंगणात खुर्चीवर बसली. "पापनी सांबाळा!" मामा ओरडले. फ्लॉपी लॅपटॉपमध्ये गेली. तेव्हा चित्र एकदम यायचं नाही, वरून खाली पट्टीपट्टीनं उतरायचं. आधी पदर आला, मग कपाळ. मामांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मग डोळे आले. दोन्ही उघडे.

म्हातारीनं नाक काचेला टेकवलं. बोटानं एकेक डोळा चाचपला. "व्हय. मीच हाय. धाड आता," ती म्हणाली, आणि मामांनी टोपीनं डोळे पुसले.

मी उत्साहात म्हणालो, "मामा, आता तुमचा काढतो." ते त्याच खुर्चीत बसले. म्हातारीनं हौसेनं आपली शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. मी खटका दाबला. पट्टीपट्टीनं टोपी आली, कपाळ आलं, आणि मिटलेले डोळे आले.

"मास्तर, हाक ऱ्हायली की वं तुमची!" मामा हसून म्हणाले. तेवढ्यात बॅटरी संपत आल्याची शीळ वाजली. "ऱ्हाऊ द्या. मला कुनाला धाडायचाय? कवातरी काडू परत."

म्हातारीचा फोटो माझ्या क्लासच्या प्रिंटरवर छापून आम्ही पाठवला. मुलाचं पत्र आलं: आता झोप लागते.

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. तासाभराचंही दुखणं नाही. सगळ्या जिल्ह्याचे फोटो काढलेल्या माणसाच्या घरात त्याचा स्वतःचा एकही फोटो सापडेना. मामी क्लासच्या दारात चपला काढून उभ्या राहिल्या, तेव्हा मी ती फ्लॉपी काढली. त्यांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. "दुसरा न्हाई?"

"नाही, मामी."

मामांची फार आठवण येते. त्या घरी गेलो की भिंतीवर तो फोटो दिसतो. खुर्ची, शाल, मिटलेले डोळे. येणारा-जाणारा समजायचं ते समजतो आणि हात जोडतो. प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटतं, अहो, हा माणूस तेव्हा जिवंत होता, दुसऱ्याच क्षणी खळखळून हसला होता. हाक द्यायला मी विसरलो.