बैलाच्या पुस्तकाचं शेवटचं पान

बुधवारी संध्याकाळी राजापूरहून एसटीत बसले तेव्हा माझ्या मांडीवर लाल बासन (पोथ्या बांधायचं कापड) होतं. आत आमच्या वाचनालयातलं सर्वांत जुनं पुस्तक. पर्समध्ये कार्यकारिणीचं पत्र होतं: ग्रंथपालांना हे पुस्तक गावाबाहेर नेण्यास परवानगी आहे.

पुस्तक गुरांच्या औषधांचं आहे आणि शिळाछाप आहे, म्हणजे हातानं लिहिलेली अक्षरं दगडावर उतरवून त्यावरून छापलेलं. पहिली आणि शेवटची पानं गेलेली. त्यामुळे लिहिणारा कोण, कुठला, काहीच कळत नाही. मधोमध एका बैलाचं चित्र आहे. शिंगांपासून शेपटीपर्यंत त्याच्या अंगावर आकडे घातलेत आणि प्रत्येक आकड्यासमोर त्या जागेचं दुखणं आणि औषध. हे चित्र मी ग्रंथपालांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. ते फिरत फिरत कुठं कुठं गेलं कोण जाणे, तिसऱ्या दिवशी एक फोन आला.

"आमच्याकडं बी ह्योच बैल हाय," पलीकडचे गृहस्थ म्हणाले. "या बघायला."

हे तात्या. चाकणजवळच्या करंजवाडीचे. उभा जन्म कंपनीत लेथ मशीनवर काढला, आता गावचं वाचनालय सांभाळतात. अशा पुस्तकाची दुसरी प्रत कुठं असेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांच्या प्रतीला शेवटचं पान असलं तर? या एका प्रश्नानं मला घाटात झोप लागू दिली नाही.

पहाटे वल्लभनगरच्या स्टँडवर उतरले, चहा घेतला आणि नाशिक फाट्यावर चाकणच्या गाडीची वाट बघत उभी राहिले. एक पांढरी बस थांबली, चार-पाच बायका भराभर चढल्या, त्यांच्यामागं मीही चढले. बस सुटल्यावर शेजारच्या बाईनं माझ्या गळ्याकडे बघितलं.

"ताई, कार्ड कुठंय?"

तेव्हा लक्षात आलं, की मी कंपनीच्या बसमध्ये बसलेय. गुरुवारी इथल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी असते, पण सगळ्यांना नाही. मी उठायला लागले तर तिनं हात धरून बसवलं.

"बसा हो. आमची गाडी मोशीवरून तळवड्याला वळते. तुम्ही मोशीला उतरा. ड्रायव्हरदादा काही बोलत नाहीत." मग माझ्या मांडीकडे बघत म्हणाली, "देव आहे का त्याच्यात?"

"पुस्तक आहे."

"मग एवढं घट्ट धरलंय ते? परीक्षा आहे का?"

मागच्या सीटवरच्या दोघी हसल्या, मीही हसले. परीक्षाच होती एका अर्थानं.

मोशीला उतरून चाकणची बस पकडली. गाव संपताच इंद्रायणीचा पूल लागला. मागं वळून पाहिलं तर नव्या इमारतींच्या मधल्या एका पट्ट्यात कोणीतरी अजून कांदा लावला होता, आणि त्याला लागून दुचाक्यांची ही रांग. पुढं रस्ता कंटेनरवाल्या गाड्यांनी भरलेला. आमच्याकडे घाटात एक ट्रक बंद पडला तरी दोन दिवस त्याची चर्चा होते. चाकणला तात्या न्यायला आले होते; इथं त्या गाड्यांमधूनच वाट काढत त्यांनी मला स्कूटरवरून करंजवाडीला नेलं.

घरी त्यांच्या बायकोनं, काकूंनी, सांगितलं, "मासवडी केलीया." मी कोकणातली, कान टवकारले. ताटात आल्या त्या बेसनाच्या, तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेल्या वड्या आणि सोबत झणझणीत रस्सा. मासा औषधालाही नव्हता. माझा चेहरा बघून काकूंना काय झालं ते कळलं. त्या इतक्या हसल्या, की हसता हसता त्यांनी आणखी दोन वड्या वाढल्या. बाजरीच्या भाकरीबरोबर मी पाच खाल्ल्या.

वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या माडीवरची एक खोली. लोखंडी कपाटाला दोन कुलपं. एक किल्ली तात्यांकडे, दुसरी सरपंचांकडे; ती तात्यांनी सकाळीच मागून आणली होती.

"दोन कशाला?" मी विचारलं.

तात्या म्हणाले, "एक जण आला व्हता. संशोधक हाय म्हनला. मोडीच्या कागदांचं भेंडोळं घेऊन गेला, आठ दिसांत आनतो म्हनून. परत काय आला न्हाई. गाव मला इचारतंय, तात्या, कागद कुठं हायेत? मी काय सांगू?" मग माझ्याकडे सरळ बघत म्हणाले, "तवा ताई, बघा निवांत. पन फोटो नगं."

मी बरं म्हटलं. मोबाइल पर्समध्ये ठेवला.

दोन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी ठेवली आणि बैल उघडला. दोन बैल, तेच आकडे, तीच अक्षरं. लिहिणाऱ्याची लेखणी मागच्या डाव्या खुरापाशी जरा फाकली होती, तो डागसुद्धा दोन्हीकडे तसाच. त्या डागावर बोट ठेवून मी तात्यांकडे बघितलं, तर त्यांचंही बोट तिथंच होतं.

पण शेवटचं पान त्यांच्याकडेही नव्हतं. आमच्या पुस्तकाच्या पुढची दोन पानं मिळाली आणि तिथंच मजकूर तुटला. मी पुस्तक मिटलं. इतक्या लांब येऊन हात रिकामेच, असं मनात येत होतं, तेवढ्यात मागच्या पुठ्ठ्यावर नजर गेली. पुठ्ठ्याला आतून एक कोरा कागद डकवलेला होता. कसरीनं त्याला भोकं पाडली होती आणि एका भोकात काळं काहीतरी दिसत होतं. तात्यांनी बॅटरी धरली. ते अर्धं 'ळ' होतं.

"तात्या, ह्या कागदाखाली पान आहे."

पुस्तक बांधणाऱ्याला कधीतरी पुठ्ठा मजबूत करायला कागद कमी पडला असेल. त्यानं सुटलेलं पान तिथंच चिकटवलं आणि वरून कोरा कागद लावून टाकला.

"काढायचं कसं?" मी म्हटलं. "ओढलं तर अक्षरंही जातील."

"दापोडीला संगीता हाय," तात्या म्हणाले आणि सरपंचांना फोन लावला. बोलणं लांबलं. शेवटी सरपंच म्हणाले, तुम्ही सोबत असाल तर न्या.

संगीताचे वडील तात्यांच्या शेजारच्या लेथवर होते. शिफ्ट संपली की दापोडीच्या बुद्धविहारातल्या ग्रंथालयाची पुस्तकं बांधायचे. त्यांचं कसब लेकीनं उचललं. ती तळवड्याच्या एका छोट्या कारखान्यात तपासणी विभागात आहे, आणि गुरुवारी विहाराच्या खोलीत वडिलांची जागा चालवते. आम्ही पोचलो तेव्हा समोर पोथ्या, खळ (मैद्याचा चिकट पदार्थ), दाबाचं यंत्र आणि चष्मा कपाळावर चढवलेली संगीता.

तिनं आधी मायक्रोमीटर घेतला आणि पुठ्ठ्याच्या कडेला सुटलेल्या कागदांची जाडी मोजली. कंपनीत ती यंत्राचे भाग याच हत्यारानं मोजते.

"दोन कागद आहेत. तात्या, ताईंचं बरोबर आहे. आतली खळ ओल्या टिपकागदानं मऊ करावी लागेल. शाई तेलाची असते, पसरू नये. पण पसरू नये म्हणजे पसरणार नाहीच, असं मी सांगणार नाही."

तात्या खुर्चीत मागं टेकले. "फाटलं तर मी गावात कुठल्या तोंडानं जाऊ, पोरी?"

तिनं पुस्तक हळूच तात्यांच्या पुढ्यात सरकवलं. नेलंत तरी माझं काही म्हणणं नाही, असा त्याचा अर्थ होता.

मी बासन सोडलं. कार्यकारिणीची परवानगी होती ती फक्त नेण्याची.

"आधी आमच्यावर करून बघा," मी म्हटलं. "छपाई तीच, शाई तीच."

संगीतानं माझ्याकडे निरखून बघितलं. मग आमच्या पुस्तकाच्या एका पानाच्या कोपऱ्यातल्या अक्षरावर पाण्याचा थेंब ठेवला. दहा मिनिटं आम्ही तिघंही त्या थेंबाकडे बघत होतो. टिपकागद लावला, उचलला. टिपकागद पांढरा, अक्षर जागेवर.

"कर," तात्या म्हणाले.

पुढचा तासभर कोरा कागद ओल्या टिपकागदाखाली होता. मग तिनं फीलर गेज काढला. यंत्रातली फट मोजायची ही पोलादी पट्टी, पानासारखी पातळ. ती कागदाच्या कोपऱ्यात सरकवून संगीता केसाकेसानं पुढं जात राहिली. तीनदा थांबली, पुन्हा ओलावलं. शेवटी कोरा कागद सालीसारखा अलगद सुटला आणि खाली आख्खं पान निघालं. कडेला दोन भोकं, बाकी अक्षर न् अक्षर शाबूत.

मी वाचायला लागले. लिहिणारा भिकाजी. त्यानं लिहिलं होतं, की ही सगळी औषधं आपली नव्हेत, आपल्या आईची, सगुणाबाईची आहेत. तिला लिहिता येत नव्हतं. ती गोठ्यात काम करता करता सांगत गेली आणि आपण टिपून घेतलं. जे औषध तिनं स्वतः गुरांना दिलं नाही, ते यात घातलेलं नाही. कुणाला चूक आढळली तर करंजवाडीस येऊन सांगावं. त्याखाली साल होतं, ते मात्र कसरीनं खाल्लेलं.

"परत वाचा," तात्या म्हणाले.

मी परत वाचलं. गावाच्या नावाशी आले तशी त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आमच्या गावचं हाय," ते म्हणाले. "म्हनून आमच्याकडं व्हतं. आन आमालाच ठावं न्हाई."

संगीतानं पान दोन फळ्यांत दाबून ठेवलं आणि चहा सांगितला. मग तात्या माझ्या पर्सकडे बोट दाखवून म्हणाले, "ताई, काढा फोटो. साऱ्या पानांचा काढा. तुमच्याकडं बी असू द्या."

घरी परतल्यावर मी कार्यकारिणीच्या अध्यक्षांना सगळं खरं सांगितलं, थेंबाचंही. ते चिडले आणि पंधरा मिनिटं बोलले. मग फोटोतलं शेवटचं पान त्यांनी दोनदा वाचलं आणि त्याची छापील प्रत काढायला सांगितली.

सव्वीस वर्षं मी पुस्तकं माणसांच्या हातांपासून जपली. त्या गुरुवारी एका माणसानं गावात नाचक्की होण्याचा धोका पत्करून आपलं पुस्तक दुसऱ्याच्या हाती दिलं, म्हणून ते पान निघालं. आता दर शनिवारी बैलाचं पुस्तक मी टेबलावर उघडून ठेवते. शेवटच्या पानाची छापील प्रत त्यात लावली आहे. ज्याला वाटेल त्यानं हात धुऊन यावं आणि पानं उलटावीत.

पहिल्या शनिवारी वरच्या वाडीतली एक म्हातारी आली. ती शेळ्या राखते, वाचनालयात कधी आलेली नव्हती. बैलाच्या अंगावरच्या आकड्यांवरून तिनं सावकाश बोट फिरवलं. ही औषधं एका आईनं लेकाला सांगितली, हे मी तिला सांगितलं.

"आयशीचं नाव लिवलंय?" तिनं विचारलं. "खंय? दाखव."

मी पान उघडून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती त्या अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिली.