आधी पाण्याची झाडं

मी आज जो काही आहे तो उकाभाऊंमुळे. खामगावजवळच्या कापूस संशोधन केंद्रात ते प्रयोगशाळेचे शिपाई होते. त्यांना अक्षर वाचता येत नसे. पण काचेच्या बशीत वाढलेले जंतू ते रंगावरून ओळखत. "हे पिवये आपले. पांढरे दिसले का समज, कोनी आगंतुक घुसला."

महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि मी पदवीच्या प्रयोगासाठी जानेफळहून आलेला, घरातला पहिलाच शिकलेला. ते मला 'जानेफळवाले' म्हणत. बटाट्याच्या पाण्यात साखर अन् ते थिजवणारी आगरची पूड घालून जंतूंचं खाद्य शिजवायला त्यांनीच शिकवलं. "घाई काऊन करून राह्यले? जंतू काही एष्टीनं चालले नाहीत!"

कपाशीच्या करप्याचे जंतू निरोगी रोपांना टोचून रोग येतो का, हे मला दाखवायचं होतं. काही रोपांना नुसतं निर्जंतुक पाणी टोचायचं. ती निरोगी राहिली तरच प्रयोग खरा. उकाभाऊंचा नियम होता, आधी पाण्याची झाडं, मग रोगाची. आणि दर वेळी सुई दिव्यावर लाल करायची. एका दुपारी ते बाहेर गेले असताना मी उलट केलं, तेही सुई न तापवता.

आठवड्यानं पाण्याच्या झाडांवरही डाग उमटले. केंद्राचे साहेब कडाडले, "हे कोणी केलं? त्याला उद्यापासून इथे पाय ठेवू देणार नाही!" माझी पदवी गेलीच होती.

उकाभाऊ पुढे झाले. "सायेब, सुई म्या तापवली नाही."

मी वही उघडून डागांची नोंद करू लागलो.

त्यांना बियाण्याच्या गोदामात धाडलं. दम्याच्या माणसाला तिथली धूळ. मी भेटायला गेलो तर खोकत म्हणाले, "जा बे, रोपं सुकतीन." नव्यानं केलेला प्रयोग साधला, पदवी मिळाली, लांब नोकरी लागली. पत्र लिहायला मला तीन वर्षं लागली. ते पोचलं तेव्हा उकाभाऊ अंथरुणावर होते, महिनाभरात गेले. कोणी वाचून दाखवलं की नाही, ठाऊक नाही. पत्र असं होतं:

"ती. उकाभाऊंस सा. नमस्कार. त्या दिवशी सुई माझ्या हातात होती. साहेबांनाही आजच तसं कळवलं आहे. हे पत्र घरात वाचून घेऊ नका. गोदामातल्या सगळ्यांना जमवा आणि मोठ्यानं वाचायला सांगा."