लग्नाची बोलणी, वसईच्या किल्ल्यात

मुलाच्या वडिलांना पहिल्यांदा भेटायला लोक हॉटेल ठरवतात. आमच्या पप्पांनी वसईचा किल्ला ठरवला. त्यांना किल्ल्यांचं वेड, आणि महत्त्वाचं काहीही ते तटावर उभं राहूनच बोलतात. मुलगा गोराईचा, नेल्सन. मी त्याच्याशी लग्न करणार म्हटल्यावर पप्पा एवढंच म्हणाले होते, "आधी त्याच्या वडिलांना भेटतो, मग हो-नाही सांगतो." त्यामुळे त्या रविवारी आम्ही बोरिवलीहून निघालो.

तुम्ही जाणार असाल तर हायवेच्या नादी लागू नका. भाईंदरच्या जेट्टीवर रो-रो बोटीत गाडी चढवा. खाडी ओलांडली की किल्ला समोरच. सुट्टीच्या दिवशी रांग लागते, म्हणून सकाळीच पोचा. बोटीवर पप्पा एका टोकाला, नेल्सनचे वडील पीटर अंकल दुसऱ्या टोकाला, दोघंही पाण्याकडे बघत. मी आणि नेल्सन मध्ये उभे राहून उगाच उकाड्याबद्दल बोलत होतो.

किल्ल्याला तिकीट नाही, पण पाणी आणि टोपी न्याच, तटावर सावली नाही. एका पडक्या चर्चमध्ये कुणाचं तरी प्री-वेडिंग शूट चाललं होतं. अंकलनी तिथे छातीवर क्रूसाची खूण केली आणि गुपचूप बाहेर येऊन थांबले. पप्पांना धीर कुठला! तट पडलाय तिथे त्यांनी लढाई सुरू केली. बोरिवली-गोराईसकट सगळी साष्टी पोर्तुगीजांकडे होती, ती मराठ्यांनी आधीच सोडवली, राहिली वसई. तटाखाली सुरुंग लावले. एक उशिरा उडाला, त्यात आपलीच माणसं गेली, तरी बाकीचे खिंडारातून घुसले. शेवटी पोर्तुगीजांचं पांढरं निशाण. हे सांगताना पप्पांचा आवाज चढतो आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो.

"मग चर्चच्या घंटा उतरवल्या आणि नेऊन आपल्या देवळांत टांगल्या!"

नेल्सनने माझ्याकडे पाहिलं. वाट लागली.

"लढाई पोर्तुगीजांशी होती ना?" अंकल म्हणाले. "घंटा आमच्या लोकांच्या होत्या. लग्नाला वाजायच्या, मयताला वाजायच्या."

"अहो, लढाईत असं होतंच."

"तुमच्या देवळातली कोणी नेली असती तर?"

पप्पांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. लहानपणापासून जी गोष्ट मी टाळ्या वाजवत ऐकली, तीच आता माझं लग्न मोडणार असं वाटून मला रडू येत होतं.

मग अंकलनीच विचारलं, "वाजते का त्यातली एखादी अजून?"

"एक वाजते. घाटावरच्या देवळात आहे. मी स्वतः वाजवलीय."

"आवाज कसा आहे?"

पप्पांनी तोंड उघडलं, हात वर नेला, पुन्हा खाली घेतला. "तो सांगता नाही यायचा."

"मग ऐकवा," अंकल म्हणाले आणि चालू लागले.

येताना सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घेतली, तुम्हीही घ्या, वसईसारखी कुठे मिळत नाही. विजयाची गोष्ट मला पाठ होती, पण घरी येईपर्यंत डोक्यात अंकलचा 'तुमच्या देवळातली नेली असती तर?' हाच प्रश्न राहिला होता. आणि पप्पांचं हो की नाही, ते काही कळलं नव्हतं.

आई दारातच उभी होती. पप्पांनी चपला काढल्या, पाणी प्यायले आणि तिच्याशी नेहमी बोलतात तसं मालवणीत म्हणाले, "फुडच्या आयतवारी घाटावरच्या देवळात जावचा आसा. डबो सहा माणसांचो कर."

"सहा कोण?"

"आपण तिघां, नेल्सन, आणि व्याही-विहीणबाई."