आंबट न्हाई, धूर हाय

घरात शिरली की ती आधी वर आढ्याकडं बघायची, माणसांकडं नंतर. वडूजच्या आमच्या गल्लीची आशा सेविका. आम्ही सगळे ताईच म्हणायचो. अशा बाया तुमच्याही पाहण्यात असतील. खांद्याला पिशवी, काखेत वही आणि दारातूनच प्रश्न, "काय खाल्लं सकाळी?" उत्तर मिळालं की दुसरा ठरलेला, "आन् रांधलं कुठं?"

हा दुसरा प्रश्न मला फालतू वाटायचा. कारण साताऱ्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन आलो तेव्हा मोबाइल बघून बघून मी आरोग्यातला जाणकार झालो होतो. गॅसवरची भाकरी म्हणजे विष, असं मी जाहीर केलं. मागच्या पडवीत स्वतः चूल मांडली. वाऱ्यानं जाळ हलतो म्हणून खिडकीला पोतं ठोकलं. भाकरी झकास फुगायची. खायला मी, थापायला बायको.

दोन-तीन महिन्यांत बायकोला खोकला लागला. कळशी उचलली तरी धाप लागे. मी निदान केलं, आंबट! दही बंद, ताक बंद. खोकला वाढला तशी चिंच आणि लिंबूही गेलं. भाकरी मात्र चुलीवरचीच.

एकदा ताई पडवीत आली. काळा झालेला पत्रा बघितला, मग पोतं.

"ह्ये कुणी ठोकलं?"

"मीच." जरा अभिमानानंच म्हणालो.

"मग उद्यापासनं भाकरी तुमीच थापा, हितं बसून. आवं, वयनी खात्यात चांगलं, पण श्वास कसला घेत्यात?"

"तसं नव्हे ताई, आंबटानं..."

"आंबट न्हाई वं, धूर हाय त्यो!"

तिनं पोतं ओढून काढलं आणि बायकोला घेऊन थेट दवाखाना गाठला. डॉक्टर तेच म्हणाले. चूल विझली, औषध सुरू झालं. धाप कमी व्हायला पुढं बरेच महिने गेले. मी तेवढे महिने गप्प होतो, हे बायको अजून कौतुकानं सांगते.

आता ताई सांगलीला लेकीकडं असते. जायच्या आधी निरोप घ्यायला आली, तेव्हा बायकोनं तिला पेलाभर ताक दिलं. मला राहवलं नाही.

"ताई, त्या दिवशी माझ्यावर एवढ्या का भडकलात?"

ती पेल्याकडं बघत राहिली.

"माजी आई अशीच खोकायची. आमीबी तिचं ताक तोडलं व्हतं. शेवटाला वाटीभर मागत व्हती. म्या म्हनलं, बरी हो, मग दिती."

तिनं ताक एका दमात संपवलं आणि पेला बायकोपुढं धरला.

"वता अजून."